विदर्भाच्या हवेत ऊलाँग चहा: उन्हाळा ते हिवाळा वापरल्यानंतरचा अनुभव

ऊलाँग घ्यायचा असेल तर डब्यावरचं नाव वाचण्याआधी दोन गोष्टी विचारा: पान किती ऑक्सिडाइझ झालंय (म्हणजे तोडल्यावर हवेने किती काळवंडलंय), आणि नंतर ते किती भाजलंय. हिरवा चहा आणि आपला रोजचा काळा चहा यांच्या मधली सगळी जागा ऊलाँगची. तिथे फुलांच्या वासाचा हलका चहाही बसतो आणि कोळशावर भाजलेला गडदही. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत हे चहा प्याले, त्यावरून सांगते: आपल्याकडे निवड याच दोन गोष्टींवरून करावी. किंमत नंतर.

त्याच्याही आधी पाणी. बोअरचं पाणी जड असेल तर महागातला ऊलाँगही फिका आणि मळकट लागतो, वर पातळ तवंग येतो. गावातल्या आरओ प्लांटच्या पाण्यात तोच चहा एकदम उघडला. पत्ती बदलण्याआधी पाणी बदलून बघा.

उन्हाळ्यासाठी माझी पसंती चीनच्या फुजियान प्रांतातल्या आन्शीचा हलका, न भाजलेला तिएग्वानयिन. पण गरम नाही. लिटरभर पाण्यात आठ-दहा ग्रॅम पत्ती टाकायची, बाटली रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी गाळून घ्यायची. थंड पाण्यात कडवटपणा कमी उतरतो आणि फुलांचा वास मात्र राहतो. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना शेतातून आल्यावर हे पाणी अंगाला लागतं. साखर नको, लिंबू तर नकोच, त्याने वास दबतो. फक्त हा चहा उन्हाळा सोसत नाही. स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेलं पाकीट नवतपा संपेपर्यंत गवतासारखं लागू लागलं, फ्रिजमध्ये हवाबंद ठेवलेलं चांगलं राहिलं. पंचवीस ग्रॅमची छोटी पाकिटं घ्या, मोठ्या डब्याच्या मोहात पडू नका.

पावसाळ्यात उलटं. हवेतली ओल पत्ती ओढून घेते, आणि तिथे भाजलेला ऊलाँग कामी येतो. तैवानच्या नान्तौ भागातला तुंगतिंग मध्यम भाजणीचा असतो, गोळ्या करून वळलेला. कपात टाकला की गोळ्या हळूहळू उलगडतात. उकळीच्या जवळचं पाणी, दोनशे मिलीला तीन ग्रॅम, तीन मिनिटं. त्याच पत्तीवर पुन्हा पाणी ओतायचं, दुसरा कप मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. पत्ती मऊ पडली तर कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर परतून घ्या, हात लावता येईल इतपतच गरम.

आता ज्या चहासाठी हा सगळा अनुभव लिहावासा वाटला तो: ओरिएंटल ब्युटी. तैवानच्या शिन्चू आणि मिआओली भागातला. आपल्या कपाशीवर जे तुडतुडे येतात, त्यांच्याच कुळातला एक तुडतुडा उन्हाळ्यात चहाच्या कोवळ्या पानांचा रस शोषतो. चावा बसला की झाड स्वतःच्या बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि पुढे ऑक्सिडेशन होताना तीच मधासारखी, पिकल्या फळासारखी उतरतात. तुडतुडा हवाच असल्याने त्या मळ्यांत त्याच्यावर फवारणी करून चालत नाही. ज्या किडीपायी आपण पाठीवर पंप घेऊन ओळीओळीने फिरतो, तीच तिथे मालाचा भाव ठरवते! हे घरी सांगितलं तेव्हा सासरे कितीतरी वेळ त्या पत्तीतली पांढरी टोकं निरखत बसले. ऑक्टोबरची उकाड्याची दुपार असो की दिवाळीनंतरची संध्याकाळ, दोन्हीला हा चालतो. नव्वद अंशांच्या आतलं पाणी घ्या, उकळतं ओतलं तर मधाचा वास बोथट होतो. महाग आहे, पण या एका चहासाठी पैसे मोजावेत असं माझं ठाम मत आहे.

हिवाळ्याला चीनच्या वुयी डोंगरातला भाजका ऊलाँग. दा हाँग पाओ हे त्यातलं प्रसिद्ध नाव. त्या नावाखाली बहुधा मिश्रणच मिळतं, आणि चांगलं मिश्रण वाईट नसतं. चव खडकाळ, कोळशाची, शेवटी गोडसर. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर आणि ठेचा खाल्ल्यावर दुसरा कुठलाच ऊलाँग जिभेवर टिकत नाही, हा टिकतो. सासूबाई आधी म्हणाल्या, “बाप्पा, यात दूध कुठं हाये?” आता थंडीत जेवण झालं की स्वतःहून मागतात. ऊलाँगमध्येही कॅफिन असतं, झोप हलकी असेल तर रात्री टाळा.

‘मिल्क ऊलाँग’ घेताना सावध राहा. तैवानचा जिनश्वान हा वाण मुळातच किंचित दुधाळ वासाचा आहे, १९८१ मध्ये तो लागवडीसाठी आणला गेला. पाकीट उघडताच पेढ्यासारखा घमघमाट सुटला तर वरून वास लावलाय असं समजा. मला तसा मिळाला, विक्रेत्याने पाकिटावर काहीच लिहिलं नव्हतं.

मागवण्याची वेळही बघा. शरदातल्या तोड्याचा तिएग्वानयिन हिवाळ्यात बाजारात येतो, तो जानेवारी-फेब्रुवारीतच मागवून फ्रिजमध्ये ठेवा. मे महिन्यात पार्सल कुरियरच्या गाडीत दिवसभर तापतं आणि हलक्या चहाचा वास घरी पोचण्याआधीच जातो. भाजलेले मात्र केव्हाही मागवा.