एलडीएल पुरे, की अपो-बीही करावी?

मधुमेह असलेल्या मामेभावाचा प्रश्न: एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ९५ आलंय, मग अपो-बीच्या रक्ततपासणीवर पैसे कशाला घालवू?

दोन्ही तपासण्या वेगळ्या गोष्टी मोजतात. कोलेस्टेरॉल रक्तात बारीक कणांमधून वाहून नेलं जातं. एलडीएलच्या आकड्यातून त्या कणांमध्ये भरलेलं कोलेस्टेरॉल कळतं, अपो-बीतून कणांची संख्या. धमनीच्या भिंतीत शिरून अडकणाऱ्या प्रत्येक कणावर अपो-बी या प्रथिनाचा एकच रेणू असतो, त्यामुळे हिशोब सरळ. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलं की कण लहान होतात, प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी भरतं. एलडीएल बरं दिसतं, पण कण भरमसाट असू शकतात. मधुमेहात नेमकं हेच घडतं.

अचूकतेत अपो-बी पुढे. एलडीएल अनेक लॅब सूत्राने काढतात. त्यातलं १९७२ चं फ्रिडवाल्ड सूत्र ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की चालत नाही. अपो-बी थेट मोजतात, उपाशीही राहावं लागत नाही.

खर्चात आणि सोयीत लिपिड प्रोफाइल, म्हणजे एलडीएल ज्यात येतं ती नेहमीची तपासणी, जिंकते. शिवाय त्याच रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) वजा केलं की नॉन-एचडीएल, म्हणजे धमनीत अडकणाऱ्या सगळ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल, फुकटात मिळतं. तिकडे फारसं कुणी बघत नाही!

मधुमेह, सुटलेलं पोट किंवा जास्त ट्रायग्लिसराइड असेल तर अपो-बी करावी. बाकीच्यांना लिपिड प्रोफाइल बहुधा पुरते. घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, हृदयविकाराचा धोका वाढवणारा कण) एकदा तपासावं. ते मुख्यतः आनुवंशिक असतं.