चेनसॉच्या पेटीतला चेनचा कप्पा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात वळवाच्या वाऱ्याने आमच्या बार्शी तालुक्यातील शेतात विहिरीच्या वाटेवर जुनी बाभूळ आडवी पडली. मी सोलापुरातून पिकअपमध्ये चेनसॉची, म्हणजे लाकूड कापायच्या यांत्रिक करवतीची, पेटी टाकून गेलो. मशीनवरची चेन बोथट झाल्यावर कप्पा पाहिला, तर आदल्या रात्री धार लावून ठेवलेल्या दोन्ही जादा चेन कप्प्याबाहेर येऊन ४.८ मिलिमीटरच्या गोल कानशीत अडकल्या होत्या आणि त्यांचे दात जागोजागी गेले होते. कानशीचे पोलाद दातांपेक्षा कठीण असते, म्हणूनच तिने धार लागते. आणि दाताची खरी धार वरच्या क्रोमच्या पातळ थराची असते. साठ किलोमीटर ती कानस त्यावर घासत राहिल्यावर दुसरे काय होणार?

दोष त्या कप्प्याच्या झाकणाचा आहे. ते बसते, पण त्याची खिटी लागत नाही. पेटीला १,६५० रुपये मोजले असताना दहा रुपयांची खिटी धड बसवता येऊ नये, याचा मला मनापासून राग आहे. दुकानदाराने तर पेटी हातात न घेताच 'प्लॅस्टिकला गॅरंटी नसते' असे सांगून मला परत पाठवले.

सुरुवातीला माझी तक्रार वेगळीच होती, ती म्हणजे तळाशी साचणाऱ्या तेलाची. ती मात्र मी मागे घेतो. उभ्या मशीनच्या पट्टीतून (जिच्याभोवती चेन फिरते) चेन ऑइल थोडे झिरपतेच, आणि पेटीचा खोल तळ ते गाडीत सांडू देत नाही. पट्टीचे म्यानही उत्तम आहे. पेट्रोल आणि टूटी (टू-स्ट्रोक इंजिनचे ऑइल) यांच्या मिश्रणाचा कॅन मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात या बंद पेटीत ठेवू नये.

आता १८ इंची पट्टीची, ७२ लिंकची (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची) प्रत्येक चेन तीन वेढ्यांत गुंडाळून, चमचाभर चेन ऑइल लावून, शेंगा चटणीच्या धुऊन कोरड्या केलेल्या रुंद तोंडाच्या बरणीत ठेवतो. एका बरणीत एकच चेन ठेवतो आणि झाकणावर पट्टीची लांबी व लिंकची संख्या लिहितो, कारण भावाच्या मशीनची २२ इंची चेन दिसायला अगदी सारखीच आहे. कानस कापडात गुंडाळून वेगळी नेतो. त्या कप्प्यात केवळ प्लगचा पाना असतो, आणि झाकण जागेवर राहावे म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी त्यावर ताणून बसवली आहे.