वाघोली की निगडी प्राधिकरण? फ्लॅटआधी रस्ते बघा

वाघोलीत नव्या टॉवरमधला ऐसपैस फ्लॅट घ्यायचा, की त्याच पैशांत निगडी प्राधिकरणात जुन्या इमारतीतला, एक खोली कमी असलेला? पुण्यात पहिलं घर शोधणारी बरीच जोडपी अशाच कुठल्यातरी निवडीपाशी अडतात. कार्पेट एरिया, पार्किंग, दर यांचे तक्ते सगळेच करतात. इथे फक्त गेटबाहेरचं बघू. मॉड्युलर किचन दोन वर्षांनी बसवता येतं, रस्ता येत नाही.

पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण 1972 मध्ये स्थापन झालं, त्यावरूनच निगडीच्या या भागाला प्राधिकरण म्हणतात. जमीन आधी ताब्यात घ्यायची, रस्ते आखायचे आणि मग भूखंड द्यायचे, असा तिथला क्रम. त्यामुळे जुन्या सेक्टरांमध्ये गल्लीला गल्ली मिळते. एक रस्ता पाइपलाइनसाठी खोदला तर शेजारच्या गल्लीतून गाडी काढता येते. किराणा, दवाखाना, बसथांबा पायी होतो, आणि आकुर्डी स्टेशनवरून लोकलही आहे.

वाघोलीत सगळं उलट्या क्रमाने झालं. नगर रोडलगतचं गाव, शेतजमिनी, एकेक तुकडा घेणारा एकेक बिल्डर. ज्याचा त्याचा प्रकल्प बांधापर्यंत आणि बांधावर कंपाउंडची भिंत. 2021 मध्ये गाव पुणे महापालिकेत आलं, तोवर कितीतरी इमारती राहत्या झाल्या होत्या. केसनंद रस्ता, बकोरी रस्ता, आव्हाळवाडीचा रस्ता असे सगळे माशाच्या काट्यांसारखे नगर रोडला येऊन मिळतात. त्यांना आपसांत जोडणारे रस्ते मोजके. मग शाळेची बस, टँकर, डंपर आणि ऑफिसला निघालेले तुम्ही, सगळे एकाच फाट्यावर. नगर रोड कितीही रुंद केला तरी फाट्यावरची ही गर्दी त्याने सुटत नाही.

याचा रोजचा त्रास छोट्या गोष्टींत कळतो. बाल्कनीतून मागच्या रस्त्यावरच्या भाजीवाल्याची ताडपत्री दिसते, पण मधे भिंत. गेटमधून बाहेर, मुख्य रस्त्यापर्यंत, तिथून वळसा. कोथिंबिरीच्या जुडीसाठी स्कूटर काढायची, आणि अशा शेकडो स्कूटर संध्याकाळी त्याच रस्त्यावर.

गेटच्या आतली सोय मात्र खरी आहे. मुलं गाड्यांची भीती न बाळगता सायकल चालवतात, लिफ्ट आहे, जनरेटर आहे, म्हाताऱ्यांना फिरायला जागा आहे. प्राधिकरणात जुन्या इमारतींना कित्येकदा लिफ्ट नसते, पार्किंगवरून कुरबुरी असतात, गल्लीतून परकी वाहनं जातात. शिवाय तिथल्या जमिनी मुळात 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या. हस्तांतराची परवानगी आणि शुल्क काय, हे टोकन देण्याआधी वकिलाकडून तपासून घ्या.

बिल्डरच्या ब्रोशरमध्ये ‘प्रस्तावित डीपी रोड’, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला नियोजित रस्ता, जाड रेघेने काढलेला असतो. त्याच्या भरवशावर दर मान्य करू नका. विकास आराखड्यात आरक्षित केलेली जागा 10 वर्षांत संपादित झाली नाही, तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 127 खाली जमीनमालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या 24 महिन्यांतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण रद्द होतं. विचारायचं एवढंच की जागा महापालिकेच्या ताब्यात आली आहे का. ‘काम सुरू होतंय’ हे उत्तर नव्हे.

कुठलाही परिसर तपासायला तज्ज्ञ लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅटच्या शिफारशीनुसार शहराच्या एका चौरस किलोमीटरमध्ये निदान 18 किलोमीटर रस्ते आणि 80 ते 100 चौक असावेत. मोबाइलवर नकाशा उघडा, इमारतीभोवती एक किलोमीटर बाजूचा चौकोन धरा आणि चौक मोजा. सोसायट्यांच्या आतले, गेटबंद रस्ते सोडून. मग शाळा, बसथांबा, दवाखाना यांचं सरळ अंतर आणि चालायचं अंतर ताडून बघा. चालणं दुपटीच्या पुढे गेलं तर रोज वळसा पडणार हे धरून चाला. साइट दाखवायला एजंट रविवारी दुपारी नेतात. तुम्ही मंगळवारी सकाळी नऊला जा.

मेट्रोचं म्हणाल, तर निगडीपर्यंतचं काम चालू आहे आणि रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी मार्गाला केंद्राने 2025 मध्ये मंजुरी दिली. पण घरापासून स्टेशनपर्यंतही त्याच फाट्यातून जायचं असेल, तर मेट्रो निम्मीच कामाची.

माझं मत विचाराल तर खोली कमी चालेल, प्राधिकरण घ्या. तिसऱ्या मजल्यापर्यंतच, आणि घरात वयस्कर असतील तर लिफ्ट बघूनच. दोघांचीही ऑफिसं खराडीला असतील तर मात्र निगडीहून रोज अख्खं शहर पार करण्यात अर्थ नाही, तेव्हा वाघोलीच बघा. फक्त अशी सोसायटी निवडा जिथून नगर रोडला न लागता दुसरीकडे निघता येतं, आणि तो दुसरा रस्ता आज वापरात आहे. त्यासाठी स्विमिंग पूल सोडावा लागला तरी सोडा.