मन्याची लाळ आणि घराजवळचा दवाखाना (४/५)

आमचा बोका मन्या, वय वर्षं ९. लाडात आला की मांडीवर लाळ गाळतोच, त्याचं कधी काही वाटलं नाही. पण गेल्या महिन्यात हनुवटी सतत ओली, छातीवरचे केस चिकट, तोंडाला घाण वास. वाटीपाशी जायचा, एक दाणा उचलायचा आणि मान वाकडी करून टाकून द्यायचा. आईचं निदान तयार: दृष्ट लागली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी प्रश्नच विचारले. घरात मनीप्लांट आहे का? दोरा गिळला असेल का? कुत्र्याचं पिसवांचं औषध लावलंत का? (त्यातलं परमेथ्रिन मांजराला विषारी असतं, हे मला तिथं कळलं.) मग मन्याला टॉवेलात गुंडाळून ओठ वर केला. मागच्या दाढेवर पिवळट किटण, हिरडी लालबुंद, दाढेच्या मुळाशी चक्क खड्डा. मूत्रपिंडं बिघडली तरी मळमळून लाळ गळते, म्हणून रक्त तपासलं. ते ठीक निघालं. भूल देऊन एक्स-रे काढला, दोन दाढा काढल्या. दुखतंय म्हणून घरातलं पॅरासिटामॉल द्याल तर जीव जाईल, असं दोनदा बजावलं.

तक्रार एकच. वेळ घेऊनही सव्वा तास बसवलं, तेही भुंकणाऱ्या लॅब्रॅडॉरशेजारी. मन्यानं पिंजऱ्यातच शू केली. खर्च मात्र आधी सांगितला तेवढाच घेतला.

चौथ्या दिवशी आई बांगडे साफ करत होती, तर स्वारी थेट ओट्यावर. हनुवटी कोरडी.