मुद्रितशोधनासाठी चॅटबॉट : काही महिने वापरल्यानंतर

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या प्रकाशकांची प्रुफं तपासणं हे माझं काम. गेल्या पावसाळ्यापासून पैसे भरून एक एआय चॅटबॉट घेतलाय. ऱ्हस्व-दीर्घाचं आधी सांगून टाकते. काम बरं करतो, पण बोलीतले संवाद परस्पर प्रमाणभाषेत आणून ठेवतो आणि ते सगळं परत फिरवत बसावं लागतं. निव्वळ शुद्धलेखनासाठी घेऊ नका.

मला लिहायचंय ते वेगळंच. एका कादंबरीचं दुसरं प्रूफ चालू होतं. पहिल्या प्रकरणात काका वारतात. सहाव्यात नवी सून घरात येते, तेव्हा काकू मंगळसूत्र सारखं करत दाराशी उभ्या आहेत. मी फक्त शुद्धलेखन बघायला सांगितलं होतं. त्यानं विचारलं, 'काकूंचे यजमान आधीच वारले आहेत ना? मंगळसूत्राचा उल्लेख मुद्दाम ठेवला आहे का?' लेखक आणि संपादक, दोघांच्याही नजरेतून ते निसटलं होतं. हे पकडायला मरण, लग्न आणि मंगळसूत्र यांचं आपल्याकडचं नातं माहीत हवं. याला समजणं म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?

तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये एक दाखला दिला होता. चिनी न येणारा माणूस खोलीत बसून नियमांचं पुस्तक बघत चिनी प्रश्नांना चिनी उत्तरं देतो. बाहेरच्यांना वाटतं, याला भाषा येते. पण त्याला कळत काहीच नसतं, आणि संगणकाचंही तसंच, असं सर्ल यांचं म्हणणं. पण मंगळसूत्राचा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता. अफाट मजकुरात पुढचा तुकडा कोणता येईल हे ओळखायला शिकता शिकता तो नियम चॅटबॉटच्या आत तयार झाला. सर्ल यांचं म्हणणं यानं खोटं पडत नाही, पण मला ते आता पुरत नाही.

मग मी चॅटबॉटला एवढंच लिहिलं, 'नाही, ते बरोबर आहे.' लगेच माफी मागितली आणि काकूंनी मंगळसूत्र का ठेवलं असेल याची छान कारणं दिली. 'नाही, तुझंच बरोबर होतं,' म्हटल्यावर पुन्हा पलटला. इथे मात्र माझा विश्वास उडाला. आमच्यातले जुने मुद्रितशोधक पुरावा दाखवल्याशिवाय समासातली खूण खोडू द्यायचे नाहीत. लेखक कितीही मोठा असो. ज्याला कळलंय तो नुसत्या 'नाही'नं हलत नाही, कारण विचारतो. या यंत्रांना लोकांना आवडलेल्या उत्तरांवरून वळण लावलेलं असतं, आणि होकार कुणाला आवडत नाही?

गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये 'यंत्र विचार करतं का?' याऐवजी लेखी संभाषणाची कसोटी सुचवली : समोर यंत्र आहे की माणूस, हे परीक्षकाला ओळखता येतं का? पण नुसत्या संभाषणाला माणसं फार लवकर भुलतात. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांचा १९६६ चा एलायझा हा साधा प्रोग्रॅम बरेचदा समोरच्याचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा, तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करत. मला विचाराल तर परीक्षकानं विनाकारण हुज्जत घालावी आणि समोरचा कुठवर टिकतो ते बघावं.

मी आता तसंच करते. शंका आली की दोन वेगळ्या खिडक्या उघडते. एकीत म्हणते 'हे बरोबर आहे ना?', दुसरीत 'हे चुकलंय ना?' दोन्हीकडे तो एकाच मतावर राहिला तरच लेखकाला फोन लावते.