डिकन्सच्या तीन तसबिरी आणि जळगावचे फ्रेमवाले काका

अमळनेरला शाळेत मी इंग्रजी शिकवतो. पोरांना इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स म्हणजे पुस्तकातला तो दाढीवाला, थकलेला माणूस. जणू जन्मलाच तसा! म्हणून वाचनालयाच्या खोलीत त्याच्या तीन वयांतल्या... म्हणजे खरं तर दोन वयांतल्या आणि एक वेगळीच, अशा तीन तसबिरी लावायचं ठरवलं. आधी ऑनलाइन छापून मागवल्या. नळकांड्यातून चुरगळून आल्या, चेहरा विटकरी. ते पैसे गेलेच.

मग जळगावला गोलाणी मार्केटजवळच्या एका छोट्या दुकानात गेलो. काकांनी दोन चित्रं शेजारी धरली आणि विचारलं, "मास्तर, दोन्ही एकच माणूसना फोटो शेतस का?" मला हाच प्रश्न पोरांकडून हवा आहे. पहिलं डॅनियल मॅक्लिस या चित्रकाराचं, 1839 चं. सत्तावीस वर्षांचा, लांब केस, दाढीमिशी नाही, उजेडाकडे तोंड. दुसरं फ्रिथचं, 1859 चं. ते करून घेतलं मित्र जॉन फॉर्स्टरने. डिकन्सने मिशा ठेवल्यात, काढेल कधीतरी, म्हणून फॉर्स्टर थांबून राहिला. तर वर दाढी आली! मधल्या वीस वर्षांत या माणसाने कादंबऱ्या लिहिल्याच, शिवाय 1846 ला दैनिक सुरू केलं, 1850 पासून साप्ताहिक चालवलं. त्याआधी संसदेचा बातमीदार होता. बाराव्या वर्षी बूटपॉलिशच्या डब्यांवर लेबलं चिकटवत होता, हे सांगितल्यावर काकांचा हात थांबला. तेही लहानपणीच कामाला लागलेले.

फ्रिथच्या चित्रात कोट आणि मागचा अंधार पहिल्या छपाईत एक झाले होते. काकांनी दुकानाबाहेर उन्हात धरून पाहिलं आणि स्वतःहून पुन्हा छापलं, जादा पैसे न घेता.

तिसरं रॉबर्ट बसचं. खुर्चीत डुलकी लागलेला डिकन्स, भोवती त्याची पात्रं तरंगताहेत, बरीचशी बिनरंगाची. काका दचकले, "शाई सरी गई का?" नाही काका, 1875 मध्ये चित्रकारच गेला, चित्र अर्धं राहिलं. याच बसला तरुणपणी डिकन्सच्या पहिल्या कादंबरीच्या चित्रांवरून काढून टाकलं होतं. तरी शेवटी त्याने हे काढायला घेतलं. मला तिघांत हेच सगळ्यात जवळचं वाटतं. काकांनी त्याला रुंद पांढरा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी, दिला, म्हणजे कोरी जागा कोरीच दिसते.

तिन्हींचे 3,900 रुपये झाले. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, म्हणून काच आणि कागद यांच्यात फट ठेवली, मागच्या प्लायला वाळवीचं औषध लावलं. चार दिवस सांगून नऊ लावले, हे खरं. साध्या काचेत फ्रिथवर समोरची खिडकी उमटते. गडद चित्र असेल तर न चमकणारी काच आधीच मागा. खिळे मात्र घरून न्या, त्यांच्याकडचे आखूड निघाले.