ट्रोपोनिनसाठी घेतलेले फ्लुरोसन्स यंत्र : दीड वर्षाच्या वापरानंतर

तालुक्याच्या गावातील आमच्या लहान प्रयोगशाळेत छातीत दुखणाऱ्या रुग्णाची ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) तपासणी पूर्वी साध्या रंगीत पट्टीवर होत असे. सोन्याच्या नॅनोकणांची ती लाल रेघ फिकट उमटली, की ती आहे की नाही यावरच आमचे एकमत होत नसे आणि नेमका आकडा तर कधीच मिळत नसे. दीड वर्षापूर्वी आम्ही युरोपियम या धातूच्या नॅनोकणांवर चालणारे, टेबलावर मावणारे फ्लुरोसन्स यंत्र (प्रकाश पडल्यावर उजळणाऱ्या कणांची चमक मोजणारे) घेतले.

त्याची खरी करामत कॅसेटमध्ये, म्हणजे नमुना टाकायच्या पट्टीच्या डबीत आहे. आतल्या प्रत्येक सूक्ष्म कणात युरोपियमची संयुगे ठासून भरलेली असतात आणि पृष्ठभागावर ट्रोपोनिनला धरून ठेवणारी प्रतिपिंडे बसवलेली असतात. अतिनील प्रकाश पडला की हे कण ६१५ नॅनोमीटरच्या आसपास तांबडे उजळतात. घेतलेल्या आणि बाहेर पडलेल्या प्रकाशाच्या तरंगलांबीत एवढे मोठे अंतर असल्यामुळे रक्तद्रवाची व पट्टीची स्वतःची चमक मोजणीत फारशी मिसळत नाही, आणि म्हणूनच जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते तिथेही यंत्राला रेघ मोजता येते. पंधरा मिनिटांत आकडा हाती येतो. रात्री-अपरात्री आलेल्या रुग्णाच्या डॉक्टरांना हा आकडा कळवताना वाटणारा दिलासा मला फार मोलाचा वाटतो.

मात्र विक्रेत्याने वापरलेल्या ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ या शब्दाबद्दल माझी स्पष्ट तक्रार आहे. निरोगी लोकांच्या ९९व्या शतमानाच्या पातळीवर (शंभरांपैकी ९९ निरोगी लोकांचा आकडा जिच्या खाली असतो) मोजणीतील चढउतार १० टक्क्यांच्या आत राहणे आणि निम्म्याहून अधिक निरोगी व्यक्तींमध्येही ट्रोपोनिन मोजता येणे, हे त्या शब्दाचे मान्य निकष आहेत. कॅसेटसोबतच्या माहितीपत्रकात त्यांपैकी एकाचाही उल्लेख नव्हता. त्यामुळे दुखणे सुरू होऊन तासच झालेल्या रुग्णाचा पहिला आकडा सामान्य आला, तरी आम्ही तीन तासांनी पुन्हा नमुना मागतो, आणि ईसीजीला हा आकडा पर्याय नाही हेही नातेवाइकांना समजावून सांगतो.

उन्हाळ्यात एक खोका बर्फाविना, तापलेल्या गाडीतून आला. कंट्रोलची (पातळी आधीच माहीत असलेल्या पडताळणीच्या द्रावणाची) मोजणी मर्यादेबाहेर गेली म्हणून तो सबंध लॉट आम्ही बाजूला ठेवला, पण पुरवठादाराने तो बदलून द्यायला महिना लावला. कंट्रोल द्रावणाचा खर्च खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही, तो आधीच विचारून घ्यावा. फ्रीजमधून काढलेली कॅसेट खोलीच्या तापमानाला येऊ न देता वापरली, तर आकडा भरवशाचा राहत नाही.

एवढे सांभाळता येत असेल तर हे यंत्र जरूर घ्यावे. ट्रोपोनिन आय (ट्रोपोनिनचा एक प्रकार) मोजणाऱ्या दोन वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे परस्परांशी जुळत नाहीत; म्हणून रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवताना अहवालावर तपासणीची पद्धत, एकक आणि नमुना घेतल्याची वेळ आम्ही ठळक अक्षरांत लिहून देतो.